फळाची काळजी

अण्णांच्या तेराव्याला बुवा म्हणाले, अण्णांनी निष्काम कर्म केलं. बुवांविषयी मला आदर आहे, पण हे पटलं नाही. माझ्या वडिलांना फळाची फार काळजी होती. प्लंबरला ती असावीच लागते.

जीआय पाइपाला डायने आटे पाडायचे, सूत गुंडाळायचं, सफेदा लावायचा, पान्याने आवळायचं. मग नळ सोडून अण्णा सांध्यावर बोट फिरवत. ओल लागली की सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून. नेरूळच्या कितीतरी इमारतींत त्यांचे सांधे गिलाव्याआड आहेत. तिथे राहणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक नाही, आणि त्याचं अण्णांना कधी काही वाटलं नाही.

काम सुटलं तरी अण्णांचा डोंगर चढण्याचा नाद सुटला नाही. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आहेत. सोबतची पोरं सुळक्यावरची मधमाश्यांची पोळी न्याहाळत, अण्णा टाक्यात वाकून गाळ बघत. ‘खोदणारा जाणता होता,’ म्हणत. इर्शाळगडावरून मोरबे धरणाचं पाणी दिसतं, आमच्या नळाला येतं तेच. तिथे ते बराच वेळ बसत. १९ जुलै २०२३च्या रात्री गडाच्या वाटेवरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्यानंतर त्या वाटेला ते फिरकले नाहीत.

बुवांच्या निष्काम कर्माकडे परत येते. टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ साली आलं. जग नीट चालावं म्हणून ज्ञानी माणसानेही कर्म करत राहावं, हा त्यातला लोकसंग्रहाचा आग्रह मला अण्णांमुळे उमगला. पाणी घरात पोहोचलं काय, न पोहोचलं काय, असं म्हणणाऱ्या प्लंबरला मी विरक्त कसं म्हणू? ती हयगय झाली. अण्णांनी सोडला होता तो फळावरचा हक्क. फळाची काळजी त्यांनी शेवटपर्यंत वाहिली.

ते पंढरीला कधी गेले नाहीत, याची आत्याला खंत आहे. मी तिला अरणच्या सावतोबांची आठवण करून देते. मळ्यातच पांडुरंग पाहिलेल्या त्या माळ्याच्या भेटीला देवाचीच पालखी अरणला येते. अर्थात अण्णांना संतांच्या ओळीत बसवायचं नाही. ते तापट होते. गळका सांधा गिलाव्याखाली दडवणाऱ्या हाताखालच्या पोराला त्यांनी कामावरून काढलं, आईने रदबदली केली तरी ऐकलं नाही. कामावरचा एवढा जीव हेही बंधनच, असं शास्त्र कदाचित म्हणेल. असेल. पण ते बंधन तोडून अण्णा मोकळे झाले असते, तर त्या पोराच्या सांध्याखालच्या घराची भिंत भिजली असती, आणि मला त्या घराची बाजू घ्यावीशी वाटते.