कायमच्या शब्दाची किंमत

राजगादीवर आल्यानंतर दोनच दिवसांनी, १० सप्टेंबर २०२२ रोजी, तिसऱ्या चार्ल्सने लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात स्कॉटलंडच्या चर्चचे रक्षण करण्याची शपथ घेतली. इंग्लंडच्या चर्चचा तो सर्वोच्च अधिपती आहे. स्कॉटलंडच्या चर्चवर मात्र त्याची हुकमत चालत नाही. एकाच राज्यातली ही वेगळी व्यवस्था इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या १७०७ च्या विलीनीकरणाने पक्की केली.

दोन्ही देशांचा राजा १६०३ पासून एकच होता, संसदा मात्र वेगळ्या होत्या. पनामातील डेरिएनची स्कॉटिश वसाहत फसली आणि गुंतवणूकदारांचा पैसा बुडाला, त्यामुळे विलीनीकरणाची वाट सोपी झाली. १७०६ मध्ये विलीनीकरणाचा मसुदा समोर आला, तेव्हा एडिंबरात दंगली झाल्या आणि डम्फ्रीजमध्ये त्याची कलमे भर चौकात जाळली गेली. लोकांना धर्माचीही धास्ती होती. स्कॉटिश चर्चला बिशप मान्य नव्हते आणि वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड्स सभागृहात तर बिशपच बसत. पहिल्या चार्ल्सने इंग्रजी वळणाची प्रार्थनापोथी लादली, म्हणून १६३७ मध्ये सेंट जाइल्स चर्चमध्ये भर उपासनेत दंगा उसळला होता. ती आठवण बुजलेली नव्हती. म्हणूनच स्कॉटिश संसदेने वेगळा कायदा करून आपल्या चर्चची व्यवस्था सदासर्वकाळ अबाधित राहील असे लिहून घेतले. त्यानंतर चर्चचा विरोध बराच निवळला.

पण सार्वभौम संसद स्वतःला कायमचे बांधून घेऊ शकते का?

पाचच वर्षांत याची कसोटी लागली. १७१२ मध्ये संसदेने गावचा धर्मोपदेशक सुचवण्याचा हक्क पुन्हा जमीनदारांकडे दिला. कॉमन्समधल्या ५५८ जागांपैकी स्कॉटलंडच्या वाट्याला ४५ आल्या होत्या, अडवणार कोण? हा अन्याय होता. ज्या अटीवर एका देशाने आपली संसद मोडली, त्या अटीलाच नव्या संसदेने धक्का लावला. शिवाय प्रश्न निव्वळ नेमणुकीचा नव्हता. स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञ अँड्र्यू मेलव्हिलने १५९६ मध्येच राजा सहाव्या जेम्सला तोंडावर सुनावले होते की, स्कॉटलंडात राज्ये दोन आहेत आणि ख्रिस्ताच्या राज्यात जेम्स हा राजा नसून प्रजाजन आहे. हे मानणाऱ्या मंडळीवर तिला नको असलेला उपदेशक कायद्याच्या जोरावर बसवणे म्हणजे तिच्या श्रद्धेवरच घाला होता.

नेमणुकीच्या या वादाची ठिणगी शंभराहून अधिक वर्षे धुमसत राहिली. १८ मे १८४३ रोजी एडिंबरात चर्चच्या महासभेचे मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, ते मेजावर ठेवले आणि ते बाहेर पडले. मागोमाग या गटाचे नेते टॉमस चामर्स निघाले. साडेचारशेंहून अधिक धर्मोपदेशकांनी पगार आणि राहती घरे सोडून ‘फ्री चर्च’ उभे केले. कित्येक जमीनदारांनी त्यांना प्रार्थनाघरासाठी जागा नाकारली. पश्चिम स्कॉटलंडमधल्या स्ट्रॉन्शिअनच्या लोकांनी मग १८४६ मध्ये लोखंडी तरंगते चर्च बांधवून घेतले आणि ते किनाऱ्याजवळ नांगरले. भाविक होड्यांतून तिथे उपासनेला जात.

ही फूट आपल्याकडेही पोचली. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन फ्री चर्चकडे गेले. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप त्याच चर्चचे मिशनरी.

जमीनदारांचा तो हक्क १८७४ मध्ये रद्द झाला आणि १९२१ च्या कायद्याने चर्चची आध्यात्मिक स्वायत्तता मान्य केली. मूळ प्रश्न मात्र उरलाच. १९५३ मध्ये एका खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड कूपर यांनी म्हटले की, संसदेची अमर्याद सत्ता हे खास इंग्रजी तत्त्व आहे, स्कॉटिश घटनापरंपरेत त्याला जोड नाही. संसदेने विलीनीकरणाची मूलभूत अट मोडली, तर न्यायालय तिला रोखू शकते की नाही, हे मात्र त्यांनी खुले ठेवले.