बेअरर आहेर

आमच्या लग्नात सात लेमन सेट आले होते. त्यातला एक मी एका मित्राच्या लग्नात खपवला. चार वर्षांनी तोच सेट आमच्या वास्तुशांतीला आमच्याच घरी परत आला! आतली 'श्री. व सौ. यांस शुभेच्छा' ही चिठ्ठी काढायची मी विसरलो होतो, म्हणून ओळख पटली. सहाही ग्लास शाबूत. म्हणजे चार वर्षांत त्यातून कोणीही सरबत प्यायलेलं नव्हतं.

आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत हा बेअरर चेक. ज्याच्या हातात असेल, त्याचा. दुसरा प्रकार अकाउंट पेयी. कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की पैसे त्या नावाच्याच खात्यात जमा होणार. आपले बहुतेक आहेर बेअरर असतात. भिंतीवरचं घड्याळ भाच्याला चालतं तसं साहेबांच्या मुलीलाही चालतं.

मग अकाउंट पेयी भेट कोणती? यावर "अहो, किमतीत काय आहे, भावना महत्त्वाची," असं लोक म्हणतात. बहुधा एक्कावन्न रुपयांचं पाकीट देताना म्हणतात. मीही म्हटलेलं आहे. पाठोपाठ सुदाम्याचे पोहे निघतात. पण भागवतात नीट पाहावं. ते चार मुठी पोहेसुद्धा सुदाम्याच्या बायकोनं शेजारी मागून आणले होते. घरात होतं त्याहून जास्तच दिलं की त्यानं! आपण मात्र घरात नको असलेलं देतो आणि नाव सुदाम्याचं घेतो.

म्हणजे भेटीत काहीतरी खर्च व्हायला हवंच. पैसा नसेल तर निदान लक्ष तरी. आणि तिथं माझ्या खात्यात खडखडाट. यंदा सौ.च्या वाढदिवसाला हिला काय द्यावं, म्हणून आठवडाभर विचार केला. रकमेची जागा चटकन भरता येत होती. नावाची जागा कोरी. चोवीस वर्षं संसार करून हिला काय हवंय, हे मला ठाऊक नव्हतं! शेवटी सकाळी पेपर खाली ठेवून पाहिलं, तर ही टवका उडालेल्या कपातून चहा पीत होती. चांगले कप आमच्यासाठी.

दुकानात गेलो. "साहेब, सुटा कप मिळत नाही. सहांचा सेट घ्या." घेतला.

हिनं खोकं उघडलं, कप उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "अगंबाई! तो टवका तुमच्या लक्षात आला?" आणि सहाच्या सहा कप पुसून पाहुण्यांसाठी कपाटात ठेवून दिले. स्वतः परत त्याच फुटक्या कपात चहा ओतून घेतला.

मी मनात म्हटलं, गेला चेक परत! पण त्या दिवशी आलं घातलेला चहा मला न मागता दुसऱ्यांदा मिळाला. वटला असावा.