पानाला भोक पडले तर

माउली, नवी मुंबईत सारसोळ्याला अजून खाडी आहे, कांदळवन आहे. पण इमारतींच्या मधे फुलपाखराला टेकायला जागा थोडी. तिथे चार घरांनी मिळून लहानशा जागेत लिंबू, कढीपत्ता लावला, तर झाडे वाढतील. मग पाने कुरतडलेली दिसतील आणि कुणीतरी फवारणीचा पंप आणील. खरी परीक्षा तेव्हाच.

फुलपाखरू फुलातला मध पिते, पण त्याची अळी पानावर वाढते. २०१५ साली महाराष्ट्राने ज्या ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याची अळी लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांची पाने खाते. अळी मारून फुलपाखराची वाट पाहणे व्यर्थ.

पोटासाठी पिकवलेले पीक राखणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. पण जी बाग जीवांसाठी म्हणून लावली, तिथे जीव जेवला तर तक्रार कसली? तुकोबारायांनी झाडांना आणि रानातल्या जीवांना सोयरे मानले. सोयरा आला की पान मांडावेच लागते. तुळशीची पाने आपण खुडतो, विठोबाला वाहतो. तुळस उणी झाली असे म्हणत नाही. तो विठोबा सर्वांभूती आहे ना? मग अळीने खाल्लेले पानही त्यालाच पोचले.

रामकृष्ण हरी.