धाब्याचा कठडा आणि तापलेले हत्यार



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यास एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याच्या कडेने कठडा घालावा. तो न घातल्यामुळे कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात गेले, त्यांस हिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात आपण धाब्यावर निजतो, मिरच्या वाळत घालतो, मुले तेथे खेळतात. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. धाब्यावर सांभाळून चाला, एवढेच सांगून शास्त्र थांबत नाही. झोपेतून उठलेला मनुष्य व खेळात रमलेले मूल कडा विसरणारच, हे धरून कठडा अगोदर घालावयास सांगितले आहे.

ही आज्ञा आजच्या आपल्या घरांसही लागू आहे. आपल्या मंडळ्यांतील अनेकांच्या पडवीत लहानसा कारखाना असतो. कोणी पंखे व मिक्सर दुरुस्त करितो, कोणी सुतारकाम करितो, कोणी कपड्यांस इस्त्री करून चार पैसे मिळवितो. तेथे कथील वितळवून तारा जोडण्याचे सोल्डरिंगचे हत्यार असते, गरम वाऱ्याची बंदूक असते, विजेची इस्त्री असते. ही हत्यारे उपयुक्त खरी. पण तापलेले हत्यार व थंड हत्यार दिसण्यात सारखेच. चूल आपल्या ज्वाळेने हाक मारते. हे मुकाट्याने तापते.

मी हे दुसऱ्यांचे दोष काढण्याकरिता लिहीत नाही. मागे एकदा सायंकाळच्या प्रार्थनासभेपूर्वी मी मंडळीच्या ध्वनिक्षेपकाची तुटलेली तार घरच्या मेजावर जोडीत होतो. काम अर्धे झाले असता वीज गेली. हत्यार निवू लागले, तेव्हा ते तसेच मेजावर ठेवून मी सभेस गेलो. बटण बंद करण्याचे मनातही आले नाही. कारण काही चालू आहे असे वाटलेच नाही. आम्ही कंदिलाच्या उजेडात गीते गाइली. मध्येच दिवे लागले, सर्वांचे चेहरे उजळले, आणि मीही देवाचे आभार मानले. त्याच घटकेस माझ्या घरी ते हत्यार पुन्हा तापू लागले होते.

परत आलो तो दारातच करपल्याचा वास आला. मेजाच्या फळीत काळा खळगा पडून त्याच्या कडा लाल धुमसत होत्या. वीतभर अंतरावर वार्निशाची चिंधी होती, आणि भिंतीपलीकडे माझी वृद्ध आई व धाकटी मुलगी निजल्या होत्या. मी प्रथम वीज बंद केली, मग पाणी ओतले. सकाळी आईने तो खळगा पाहिला. “विसरलो,” मी म्हणालो. ती एवढेच बोलली, “विसरलास हे खरे रे, पण विसरशील म्हणून काय करून ठेवले होतेस?” या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते.

इ. स. १६६६ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस, मध्यरात्र उलटल्यावर, लंडन शहरात थॉमस फॅरिनर नावाच्या भटाऱ्याच्या घरी आग लागली. ती चार दिवस जळत राहिली. सुमारे १३,२०० घरे, ८७ देवळे व सेंट पॉलचे मोठे मंदिर तीत नष्ट झाले. फॅरिनरने अखेरपर्यंत हेच सांगितले, की आपण रात्री सर्व खोल्या पाहिल्या व विस्तव नीट सारला होता. पुढे रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या एका फ्रेंच मनुष्याने आग लावल्याची खोटी कबुली दिली. त्याच्यावरील आरोपपत्रावर फॅरिनर घराण्यातील मंडळींच्या सह्या होत्या. ऑक्टोबरात त्यास फाशी झाली. आणि तो तर आग लागल्यानंतर लंडनला पोहोचला होता असे मागाहून उघड झाले. लंडनच्या भटाऱ्यांच्या संघाने या आगीबद्दल १९८६ साली, म्हणजे ३२० वर्षांनी, क्षमा मागितली. बंधूंनो, “मी पाहिले होते” हे वाक्य किती सहज तोंडातून निघते, आणि त्याचा भार कोणाकोणावर पडतो, याचा विचार करा. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, काट्यांतून पसरलेल्या आगीने शेजाऱ्याच्या सुड्या जळाल्या, तर पेटविणाऱ्याने भरून द्यावे असे आहे. तो विसरला होता काय, हे तेथे विचारलेले नाही.

आता हे संकट घडते कसे, ते पाहू. सोल्डरिंगच्या हत्याराचे टोक सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापते. सुके लाकूड २५० अंशांच्या पुढे गेले म्हणजे काळे पडून जळाऊ वायू सोडू लागते. भुसा तर ज्वाळेवाचून कित्येक तास आतल्या आत धुमसतो, व घर निजल्यावर पेट घेतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा ठिणगीवाचूनही आपोआप तापून पेटू शकतो. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत, जोडकाम संपल्यावरही, अर्धा तास ते एक तास एक मनुष्य पहाऱ्यास ठेवण्याची रीत आहे.

यास्तव आपल्या विसराळूपणास चारही बाजूंनी कठडा घालू या. पहिली बाजू ही, की वीज गेली तर हात प्रथम बटणाकडे जावा, कंदिलाकडे मागाहून. त्या वेळी बटणावरचा तांबडा दिवाही विझलेला असतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. दुसरी, मेजावरील सर्व तापत्या हत्यारांची वीज दाराजवळच्या एकाच बटणातून घ्यावी, आणि उंबरा ओलांडताना ते बंद करावे. मग गिऱ्हाइकाने हाक मारली असो वा फोन वाजला असो. मध्येच मोडलेले काम मनातून लवकर जाते. तिसरी, हत्यार लोखंडी घोडीवर ठेवावे, खाली फरशी असावी, चिंध्या व भुसा दूर असावा. तेलकट चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्या. चौथी, गरम काम निजण्यापूर्वी निदान एक तास थांबवावे, आणि निजताना पुन्हा जाऊन पाहावे व वास घ्यावा. ठरल्या वेळी वीज तोडणारे घड्याळी बटणही मिळते. ते घ्यावे, परंतु त्याच्या भरवशावर ही चार कामे सोडू नयेत.

कोणी म्हणेल, “देव राखणारा असता इतकी काळजी कशाला?” तो राखणारा आहे यात संशय नाही, तथापि कठडा घालण्याची आज्ञाही त्याचीच आहे. जे काम त्याने आपल्या हातास दिले, ते प्रार्थनेवर ढकलणे हा विश्वास नव्हे. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे त्याच्या दुःखात धावून जाणे एवढेच नव्हे. आपल्या भिंतीपलीकडे तो निर्धास्त निजू शकेल अशी तजवीज करणे हीही प्रीतीच होय.

उपदेशक बंधूंस विनंती, की घरभेटीस गेल्यावर पडवीतील मेजाकडेही एकवार पाहावे, आणि दोष न लावता आईचा तो प्रश्न विचारावा. माझ्या मेजाची ती फळी मी बदललेली नाही. नवे बटण दाराशी बसविले आहे. रात्री कुटुंबाची प्रार्थना सुरू होण्यापूर्वी माझी धाकटी मुलगी तेथे जाते, बटणास हात लावून पाहते, व परत येऊन सांगते, “बाबा, बंद आहे.” मग आम्ही गुडघे टेकतो.