वाटसरूचा हक्क

ज्या रस्त्यानें आपण आयुष्यांत एकदां किंवा फार तर दोनदां जाणार, तो रस्ता कसा असावा याविषयीं इच्छा धरण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? कोंकणचा किनारा मोटारींतून पाहून आलेल्या सुशिक्षित मंडळींचें बोलणें ऐकलें म्हणजे हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो. समुद्र, नारळी-पोफळी, उकडीचे मोदक यांचें वर्णन संपलें कीं बोलणें बहुधा एकाच वाक्यावर येऊन ठेपतें : “तिकडे अजून सुधारणा पोंचली नाहीं, तोंपर्यंत पाहून घ्या.” म्हणजे आमचें पाहून होईपर्यंत सुधारणेनें दम धरावा, पुढेंहि धरला तर फारच उत्तम!

या इच्छेला सबळ कारण आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. गेल्या हिवाळ्यांत मुरूड-जंजिऱ्यापासून दक्षिणेकडे निघालों, तेव्हां सह्याद्रींतून उतरलेली एकेक नदी आमच्या वाटेंत आडवी आली. आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून वेसवीस, दाभोळहून धोपाव्यास असें गाडीसकट फेरीबोटींत चढून आम्हीं पैलतीर गांठलें. कठड्याशीं उभें राहावें. सावित्रीचें किंवा वाशिष्ठीचें संथ पाणी, दोहों बाजूंस खारफुटीचें रान, वर घिरट्या घालणारी घार, आणि शेजारच्या कोळणीच्या पाटीचा उग्र वास. संबंध प्रवासांत यापरतीं सुखाचीं मिनिटें आम्हांस आठवत नाहींत. येथें पूल होऊं नये, असें कोणत्याहि रसिकास वाटावें.

परंतु त्याच कठड्याशीं तापानें फणफणलेलें मूल खांद्यावर घेऊन एक बाई उभी होती, ती कांहीं रसिकतेनें उभी नव्हती. फेरीबोट रात्रीं थांबते; ताप थांबत नाहीं. बोट बंद झाल्यावर खाडीला वळसा घालून जावयाचें म्हणजे कित्येक कोस आंत शिरून पुन्हां बाहेर यावयाचें. आणि जलमार्गाच्या ज्या जुन्या दिवसांची आम्ही हळहळीनें आठवण काढतों, त्यांतच १७ जुलै १९४७ हा दिवसहि आहे. त्या दिवशीं मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तीं समुद्राची शोभा पाहावयास निघालीं नव्हतीं. आषाढी अमावास्येला घरीं पोंचावें, एवढीच त्यांतील कित्येकांची आस होती. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली, तेव्हां मुंबईच्या चाळींत आयुष्य काढलेल्या चाकरमान्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना खिडकीजवळची जागा शोधणाऱ्यांनीं न केलेली बरी.

शिवाय जें ‘अस्सल’ म्हणून आपण जपूं पाहतों, तें तरी कितपत अस्पर्श आहे? किनाऱ्यावर ज्या सुरूच्या बनांत सतरंजी पसरून आम्ही कोंकणच्या सौंदर्याची तारीफ करतों, तो सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. काजू तर पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुतेक जंगल खाजगी मालकीचें आहे. मुलीच्या लग्नासाठीं एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या डोंगरावरचीं झाडें विकलीं, म्हणजे शहरांतला माणूस हळहळतो. पण आजवर त्या सावलीचें भाडें त्यानें कधीं दिलें आहे काय?

येवढ्यावरून रहिवासी मागेल तें सर्व योग्य, असा निकाल देणेंहि आम्हांस पटत नाहीं. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचें नांव चार दशकांहून अधिक काळ कानांवर आहे. त्याची चाहूल लागतांच जमिनीचे भाव चढतात, आणि वर्षांतून चार दिवस येऊन राहणारे मालक होतात. तापानें फणफणलेल्या मुलाच्या नांवानें मागितलेला पूल अखेर कोणाच्या अधिक उपयोगी पडेल, हें सांगणें कठीण आहे. तथापि पूल नको म्हणण्याचा हक्क या शंकेनें वाटसरूकडे येत नाहीं.

देवराईकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. डॉ. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतील देवरायांचा अभ्यास केला. त्यांत जीं जुनीं झाडें व वेली टिकलेल्या आढळल्या, त्या कोणा सौंदर्यप्रेमी माणसानें राखल्या नव्हत्या. ग्रामदेवतेच्या रानांतील वाळकी काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं, असा निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतला होता. सरपणाची चणचण असतांना तो पाळणें सोपें नव्हे. आमचा निर्बंध मात्र नेहमीं दुसऱ्यावर असतो : त्यानें कौलें बदलूं नयेत, त्यानें रस्ता रुंद करूं नये, त्यानें झाड तोडूं नये. आम्ही काय सोडणार, हा विषयच निघत नाहीं.

याला एक सुखद अपवाद आम्हांस मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें आढळला. हें नाना फडणविसांचें गांव. येथील वाळूंत रात्रीं समुद्रकांसवांच्या माद्या येऊन अंडीं घालतात. पूर्वीं तीं अंडीं उकरून नेलीं जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साहाय्यानें तीं कुंपणांत सुरक्षित ठेवण्याचें काम सुरू केलें. पिल्लें बाहेर पडलीं म्हणजे पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहून तीं समुद्राकडे जातांना पाहतात, आणि गांवांतल्याच घरीं मोल देऊन जेवतात, राहतात. गांवानें अंडीं सोडलीं, पाहुण्यानें जवळ जाण्याचा हट्ट सोडला. हा व्यवहार देवराईइतका उदात्त नसेल, पण त्यांत लबाडी नाहीं.

मात्र तो नाजूक आहे. वाळूंतून निघालेलें पिल्लूं ज्या बाजूला क्षितिज अधिक उजळ दिसतें तिकडे धांव घेतें. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. रस्त्यावरचा दिवा किंवा मोटारीचा झोत त्याला उलट दिशेस नेतो, आणि सूर्य वर येईपर्यंत तें वाळूंतच फिरत राहून मरतें. बाणकोटच्या खाडीवर पूल व्हावा, असें आम्हांस त्या बाईकडे पाहिल्यापासून वाटतें. पूल झाला म्हणजे वाहनें वाढतील, दिवे येतील. अंडीं घालण्याच्या हंगामांत किनाऱ्यालगतचे दिवे केव्हां मालवावेत, हें वेळासच्या गांवकऱ्यांनीं ठरवावें. आमची गाडी गांवाबाहेर उभी राहील. तेथून किनारा फार दूर नाहीं, आणि अंधारांत चालतांना वाळूची वाट पायांना आपोआप कळते.