मोठं कोण?

डिलाईल रोडचं सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. पण रस्ता विचारणारा डिलाईल रोडच विचारतो. तो डिलाईल कोण, त्यानं काय केलं, चाळीत कुणाला विचारा, सांगता येणार नाय. आणि 1920 साली आयटक उभी करणाऱ्यांतले जोशी राहिले पाटीवर. म्हणजे नाव तोंडी राहणं ही काही मोठेपणाची खूण नव्हे.

मग खूण कोणती? 18 जानेवारी 1943 ला पुण्यात, रानड्यांच्या 101व्या जयंतीला, बाबासाहेबांनी हाच प्रश्न सोलून काढला. त्यांनी नामवंत वेगळा केला, थोर वेगळा केला. बुद्धी आणि सचोटी असली की माणूस नामवंत होतो. थोर व्हायला समाजासाठी पेटावं लागतं. समाजावर आसूड ओढायचा आणि त्याची घाणही काढायची. मित्रांनो, घाण काढणं! ज्या कामापायी आपल्याला हीन ठरवलं, तेच त्यांनी थोरपणाचं माप केलं.

हे माप गिरणीत लावून बघा. साच्यावर कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागायचं. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून जास्त पगाराच्या साचेखात्यात आपल्याला बंदी. 1928 चा संप सहा महिने चालला, पुढारी गाजले. त्यांची लढाई खोटी नव्हती. पण कामगाराच्या तोंडातला हा विटाळ बाहेर काढा, साचेखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी बाबासाहेबांना आग्रहानं मांडावी लागली. मालकाविरुद्ध बोललं की टाळ्या पडतात. आपल्याच कामगाराला त्याची घाण दाखवली की टाळ्या थांबतात.

कुणी म्हणेल, ज्यांची नावंच पुसली गेली त्यांना नाव नको का? पायजे. वस्तीतला पुतळा म्हणजे आपण इथं आहोत याची साक्ष. पण 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि आपण त्यांचीच भक्ती करत बसतो.

मी काही वेगळा नाय. एकदा अंकाचं स्टेन्सिल कापताना कवितेपेक्षा माझं नाव ठळक काढलं. बघून माझीच मला लाज वाटली.

जयंतीला व्यासपीठावर कोण बसलं हे आपल्याला पाठ असतं. रात्री सतरंज्या कुणी झटकल्या, भांडी कोणत्या बायांनी घासली, ते सांगा बघू.