आतुराचा धर्म

न्युमोनियातून उठलेल्या माणसाला वैद्य जी पथ्ये सांगतात ती ऐकताना श्रद्धाळू मनाला अडचण वाटते ती औषधाच्या कडवटपणाची नसून नेम मोडण्याची असते. पहाटेचे स्नान राहते, पूजा दुसऱ्याच्या हाती जाते, एकादशी घडत नाही, आणि ज्या नित्यनेमाच्या आधारावर आयुष्य उभे राहिले तोच एकाएकी निसटल्यावर आपण देहाचे लाड पुरवीत आहो आणि देवाचे देणे थकवीत आहो अशी रुखरुख त्याला लागून राहते. ही रुखरुख भाबडी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. देह नश्वर आहे असे जन्मभर म्हणत आलेल्या माणसाने त्याच देहाची निगा राखण्यात महिनेच्या महिने घालवावे, हे त्याच्या तत्त्वज्ञानाशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांपैकी काही आता कुवेंपुनगरासारख्या नव्या वसाहतींत राहतात. तिथले आमचे एक वयोवृद्ध आप्त, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, गेल्या मार्गशीर्षात या दुखण्यातून उठले. ताप उतरून आठवडाही झाला नव्हता तोच त्यांनी थंड पाण्याच्या स्नानाचा आग्रह धरला, आणि सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयरांनी बांधविलेल्या चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या चढून नवस फेडण्याची तारीखही मुक्रर केली. सून म्हणाली, "अण्णा, डॉक्टरांनी तूर्त जिनासुद्धा चढू नका म्हटलंय." त्यावर त्यांचे उत्तर तयार होते : "डॉक्टर छाती तपासतात गं, नवस मी बोललोय." तिने वाद घातला नाही, अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन या, एवढेच सांगितले. ते गेले, परत आले, खुर्चीत टेकले, आणि बोलायला घेतलेले वाक्य दोन ठिकाणी थांबून पुरे करावे लागले. शेजारच्या कानडी बाईंनी आणून दिलेले मिऱ्यांचे सारू मग त्यांनी निमूटपणे घेतले.

अण्णांची गफलत पुष्कळांची होते, कारण ताप गेला की रोग गेला असे मन धरून चालते. न्युमोनियात फुफ्फुसांतील जे सूक्ष्म वायुकोश प्राणवायू रक्ताच्या हवाली करतात, ते दाहामुळे द्रवाने आणि पुवाने भरून येतात. प्रतिजैविके जंतूंचा नाश करतात, पण मागे उरलेला गाळ उपसण्याचे काम शरीराला स्वतःच आणि आपल्याच गतीने करावे लागते. म्हणूनच ताप साधारण आठवड्यात उतरला तरी छातीचे दुखणे आणि कफ कमी व्हायला चारेक आठवडे, खोकला आणि धाप ओसरायला सहाएक आठवडे लागतात. तिसऱ्या महिन्यात बहुतेक तक्रारी मिटल्या तरी थकवा रेंगाळतो, आणि पूर्ववत होण्यास कित्येकांना सहा महिनेही लागतात. या अवधीत औषधाचा क्रम बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने मोडू नये, पाणी पुरेसे प्यावे, ताठ बसून जेवावे, कफ सुटत असेल तर खोकला दाबू नये, चालणे रोज थोडे वाढवावे आणि मध्ये विश्रांती घ्यावी. विडीकाडीचा धूर वर्ज्य हे उघडच आहे, पण कोंडलेल्या देवघरातील धूप-उदबत्तीचा धूरही दुखऱ्या फुफ्फुसांना मानवत नाही, हे भाविकांनी ध्यानात ठेवावे. ताप उलटला, बसल्या जागी धाप लागू लागली, थुंकीत रक्त दिसले, ओठ निळसर झाले किंवा म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात भ्रम आला, तर मुहूर्त न पाहता दवाखाना गाठावा.

आता, ज्या धर्माच्या नावाने ही घाई होते त्याचा स्वतःचा हुकूम काय आहे? पराशरस्मृती व्याधीच्या आणि संकटाच्या प्रसंगी आधी स्वदेहाचे रक्षण व मागाहून धर्माचरण असा क्रम निःसंदिग्धपणे लावून देते. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही अशी परंपरा सांगते, त्यांत पाणी, मूळ, फळ आणि दूध यांच्या पंक्तीला औषधही बसलेले आहे. ज्याला पाणी अंगावर घेणे झेपत नाही त्याच्यासाठी ओल्या वस्त्राने अंग पुसण्याचे कापिल स्नान आहे. आणि चरकसंहितेने तर ज्वरमुक्ताला अंगी बळ येईतो व्यायाम, स्नान आणि फिरणे यांची मनाईच केली आहे. शास्त्रकारांनी आतुराला, म्हणजे आजाऱ्याला, ही मुभा हातचे राखून, दयेपोटी दिलेली दिसत नाही; आतुराचा तोच धर्म, असे त्यांनी मानले आहे.

याच्या उलट बाजूचे सर्वांत गंभीर उदाहरण पुण्याच्या आगाखान पॅलेसमधले आहे. फेब्रुवारी 1944 मध्ये नजरकैदेत असलेल्या कस्तुरबांना दीर्घ आजारात न्युमोनियाने गाठले, तेव्हा पुत्र देवदास यांच्या आग्रहाने त्या काळी दुर्मीळ असलेले पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानाने आणविण्यात आले. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर मरणोन्मुख देहाला हा त्रास नको, असे गांधीजींनी ठरविले, आणि 22 फेब्रुवारीस कस्तुरबांनी देह ठेवला. तो निर्णय पटो वा न पटो, ज्याचे हृदय आधीच खचले होते अशा देहाविषयीचा तो होता. बऱ्या होऊ घातलेल्या फुफ्फुसांना तो लागू करणे अप्रस्तुत होय. शिवाय 'हिंद स्वराज्या'त 1909 साली डॉक्टरांवर कठोर टीका करणाऱ्या याच पुरुषाने जानेवारी 1924 मध्ये ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करवून घेतली. आणि 1902 च्या सुमारास मुंबईत दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर आणि न्युमोनिया झाला असता त्यांनी डॉक्टरांचा अंड्यांचा व कोंबडीच्या रश्श्याचा सल्ला नाकारून जलोपचार केले, ही कथा भाविक मंडळी आवडीने सांगतात, तेव्हा तिचा उत्तरार्ध मात्र गाळतात : घाम येऊन ताप उतरल्यावरही मुलाला चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचा रस यांवर ठेवले होते, आणि मूल वाचले ते ईश्वरकृपेने, जलोपचाराने की शुश्रूषेने, याचा निवाडा स्वतः गांधीजींनीच ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपविला. त्या कथेत निग्रहाइतकीच शुश्रूषाही आहे. दुसऱ्याच्या, त्यातही मुलाच्या, देहावर आपले व्रत लादण्याचा अधिकार कोणाला, ही शंका तर उरतेच.

माझ्या मते या सर्व विचाराचे मर्म कर्तेपणात आहे. निरोगी माणसाला वाटते, नेम मी चालवितो, उपास मी करतो, पायऱ्या मी चढतो. आणि या सगळ्यांच्या तळाशी जो श्वास अखंड चालू असतो त्यात आपले कर्तृत्व जवळजवळ नाही, हे त्याच्या गावीही नसते. न्युमोनिया नेमका त्या श्वासावरच घाला घालतो. तो परत मिळाल्यावर तत्काळ जुना नेम पकडण्याच्या धडपडीत भक्ती असते तशी 'मी अजून तोच आहे' हे जगाला आणि स्वतःला पटविण्याची हौसही असते, आणि नेमाची ही आसक्ती देहाच्या आसक्तीहून धाकटी नाही. सुनेच्या हातचा मऊ भात संकोच न धरता खाणे, पूजा नातवाच्या हाती सोपवून खाटेवरून हात जोडणे, आज दहाच पावले चालून थांबणे, यांत जो अहंकार झिजतो तो हजार पायऱ्या चढून झिजेलच, अशी खात्री देता येत नाही. दिवाणी दाव्याला मुदत असते, नवसाला तमादी लागत नाही. अण्णांनी चामुंडीची पायवाट उन्हाळ्यानंतर, वैद्याच्या रुकाराने आणि वाटेत नंदीपाशी दम खात चढावी, देवी तोवर व्याज आकारणार नाही.